‘जितकं–तितकं’ इंग्रजीत सांगताना



गेल्या भागात आपण विशेषणांची तीन रूपं पाहिली : ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ आणि ‘गुड, बेटर, बेस्ट’. त्यातल्या मधल्या रूपाचं, म्हणजे ‘टॉलर’ आणि ‘बेटर’चं, एक खास काम आज बघायचं आहे. हे काम मराठीत आपण ‘जितकं–तितकं’ किंवा ‘जेवढं–तेवढं’ या जोडीकडून करून घेतो. जितकं जास्त वाचाल, तितकं जास्त समजेल. जेवढं लवकर निघू, तेवढं बरं. जितकी महाग वस्तू, तितकी ती जपून वापरायची. अशी वाक्यं दिवसातून किती वेळा आपल्या तोंडी येतात, ते मोजायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत.

आता यातलं एखादं वाक्य इंग्रजीत बोलून बघा. बहुतेकांच्या तोंडून पुढच्यापैकी काहीतरी बाहेर येतं :

‘हाऊ मच यू रीड, दॅट मच यू अंडरस्टँड.’

‘मोर यू रीड, मोर यू अंडरस्टँड.’

‘द मोर यू रीड, यू अंडरस्टँड मोर.’

ऐकणारा भारतीय असेल तर त्याला तिन्ही वाक्यं समजतील. पण नोकरीच्या अर्जात, शाळेच्या पेपरात किंवा परदेशातल्या ग्राहकाला पाठवलेल्या पत्रात ती अडखळतात. बरोबर वाक्य असं आहे :

‘द मोर यू रीड, द मोर यू अंडरस्टँड.’

पहिली चूक मराठी माणसं तेवढी करतात असं नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत कानावर हिंदीचं ‘जितना–उतना’ असतं. हैदराबादेत तेलुगूचं ‘एंत–अंत’ आणि बेळगाव-धारवाडकडे कन्नडचं ‘एष्टु–अष्टु’. या शेवटच्या दोन भाषांत तर ‘एंत’ आणि ‘एष्टु’ हे शब्द ‘किती’ असं विचारतानाही वापरतात. त्यामुळे ‘हाऊ मच… दॅट मच’ जिभेवर येणं अगदी साहजिक आहे. आपल्या भाषांकडे दोन वेगळ्या शब्दांची जोडी आहे, म्हणून इंग्रजीतही आपण तशीच जोडी शोधतो. इंग्रजीकडे मात्र या कामासाठी एकच शब्द आहे आणि तो ती दोनदा वापरते : ‘द… द…’.

हा ‘द’ कुठला?

शाळेत शिकलेला ‘द’ नामाच्या आधी येतो : ‘द बुक’, ‘द स्कूल’. मग ‘द मोर’, ‘द बेटर’ यांत नाम नसतानाही ‘द’ कसा? कारण हा ‘द’ त्या ‘द’चा चुलतभाऊ आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘तो, ती, ते’ अशा अर्थाच्या शब्दाला संस्कृतसारख्या विभक्ती होत्या. त्यातल्या तृतीयेसारख्या एका रूपाचा अर्थ ‘तेवढ्याने’ असा होई. पुढे विभक्ती झिजल्या आणि ते रूपही झिजून ‘द’ होऊन बसलं. म्हणजे ‘द मोर, द बेटर’ याचा मूळ अर्थ ‘जेवढ्याने जास्त, तेवढ्याने चांगलं’. आपलं ‘जितकं–तितकं’च झालं की! ‘नेव्हरदलेस’ या शब्दाच्या पोटात बसलेला ‘द’सुद्धा हाच.

‘द मोर, द मेरिअर’ ही इंग्रजी म्हण तुम्ही ऐकली असेल. माणसं जितकी जास्त, तितकी मजा जास्त. जॉन हेवुड यांच्या 1546 सालच्या म्हणींच्या संग्रहात ती सापडते, म्हणजे ही रचना किती मुरलेली आहे बघा. तेव्हा दोन्ही ‘द’ तुमच्या वाक्यात आलेच पाहिजेत. एक गाळला तरी वाक्य लंगडं होतं.

एक गोष्ट उच्चाराची. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर या ‘द’चाही ‘दी’ होतो : ‘दी अर्लिअर’, ‘दी ओल्डर’, ‘दी ईझिअर’.

शब्दांची जागा

खरी गंमत शब्दांच्या क्रमात आहे. मराठीत हे एकच वाक्य किती प्रकारे म्हणता येतं, बघा :

माणसाकडे जितका जास्त पैसा…

जितका माणसाकडे पैसा जास्त…

जितका पैसा माणसाकडे जास्त…

कुठेही गोंधळ होत नाही, कारण ‘जितका’ या शब्दातला ‘का’ सांगतो की मी ‘पैसा’ या पुल्लिंगी शब्दाचा आहे. चिंता असती तर ‘जितकी’ झालं असतं, काम असतं तर ‘जितकं’. शब्द दूर गेला तरी त्याच्या शेपटीवरून तो कोणाचा ते ओळखू येतं. जत्रेतल्या गर्दीत मुलाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी असावी, तसं.

इंग्रजीतल्या ‘मोर’च्या गळ्यात अशी चिठ्ठी नाही. तो पैशाबरोबरही ‘मोर’ आणि चिंतेबरोबरही ‘मोर’च. त्यामुळे त्याला आपल्या माणसाचा हात धरूनच चालावं लागतं. हात सुटला की तो कोणाचा, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. आजच्या सगळ्या नियमांचं मूळ इथे आहे : तुलनेचा शब्द वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि येताना ज्याच्याबद्दल तो बोलतो त्याला सोबत घेऊन येतो.

म्हणून ‘द मोर यू हॅव मनी, द मोर यू हॅव वरीज’ हे चूक. ‘मोर’ एकटाच पुढे पळाला आणि ‘मनी’ मागे राहिला. बरोबर वाक्य : ‘द मोर मनी यू हॅव, द मोर वरीज यू हॅव.’

विशेषणाचंही तसंच. ‘द मोर द क्वेश्चन इज डिफिकल्ट’ असं म्हणायचं नाही. ‘द मोर डिफिकल्ट द क्वेश्चन इज’ असं म्हणायचं.

दोन वाक्यांतून एक वाक्य

नियम पाठ करण्यापेक्षा एक सोपी कृती सांगते. सुरुवातीला कागदावर करून बघा. आठ-दहा वाक्यं झाली की मनातल्या मनात जमू लागेल.

आधी दोन साधी, सुटी वाक्यं लिहा. दोन्हींत तुलनेचा शब्द हवा.

‘यू प्रॅक्टिस मोर.’ ‘यू स्पीक बेटर.’

आता प्रत्येक वाक्यातला तुलनेचा शब्द उचला, त्याला ‘द’ लावा आणि वाक्याच्या डोक्यावर ठेवा. बाकीचे शब्द जिथे आहेत तिथेच राहू द्या. मध्ये स्वल्पविराम द्या.

‘द मोर यू प्रॅक्टिस, द बेटर यू स्पीक.’

झालं! तुलनेच्या शब्दाबरोबर नाम असेल तर ते जोडीनं उचलायचं.

‘यू ईट लेस सॉल्ट.’ इथे ‘लेस सॉल्ट’ हा एक गठ्ठा. म्हणून ‘द लेस सॉल्ट यू ईट…’

‘यू टॉक टू मोर पीपल.’ इथे ‘मोर पीपल’ हा गठ्ठा. तो उचलला की ‘टू’ मागे एकटाच उरतो. उरू द्या. ‘द मोर पीपल यू टॉक टू…’ शेवटी लोंबकळणारा हा ‘टू’ आपल्याला विचित्र वाटतो आणि आपण तो गाळून टाकतो. गाळू नका, कारण ‘लोकांशी’ मधला ‘शी’ म्हणजेच तो ‘टू’.

गठ्ठा वर गेल्यानंतर उरलेल्या शब्दांचा क्रम साध्या वाक्याचाच : आधी कर्ता, मग क्रियापद. तुलनेचा शब्द पुढे आला म्हणून काहीजण प्रश्नासारखी रचना करतात : ‘द मोर डू यू प्रॅक्टिस…’ तसं करायचं नाही. छापील इंग्रजीत दुसऱ्या भागात कधीकधी क्रियापद कर्त्याच्या आधी दिसतं. उदाहरणार्थ, ‘द लाँगर द जर्नी, द स्वीटर इज द रेस्ट’. ते चूक नाही, पण तो लिहिण्याचा थाट आहे. आपण बोलताना साधाच क्रम ठेवावा.

तीन छोट्या खुणा

पहिली खूण काळाची. मराठीत आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो : ‘जितक्या लवकर कागदपत्रं पाठवाल, तितक्या लवकर काम सुरू होईल.’ इंग्रजीत पहिल्या भागात वर्तमानकाळ येतो आणि ‘विल’ फक्त दुसऱ्या भागात. ‘द सूनर यू सेंड द पेपर्स, द सूनर द वर्क विल स्टार्ट.’ ‘इफ’च्या वाक्यांतही असंच असतं, ते आठवा.

दुसरी खूण ‘इज’ची. दोन्ही भागांत क्रियापद फक्त ‘इज’ किंवा ‘आर’ असेल आणि कर्ता नाम असेल, तर ते गाळता येतं आणि वाक्य सुटसुटीत होतं : ‘द हायर द प्राइस, द बेटर द क्वालिटी.’ पण कर्ता ‘ही, शी, इट, दे’ असा असेल तर गाळू नका. ‘दी ओल्डर ही, द वायजर ही’ असं होत नाही. तिथे ‘दी ओल्डर ही गेट्स, द वायजर ही बिकम्स’ असं पूर्ण बोलावं लागतं.

तिसरी खूण दुहेरी तुलनेची. ‘ईझिअर’ म्हटलं की त्यात ‘जास्त’ आलंच. त्याच्या आधी पुन्हा ‘मोर’ नको. ‘द मोर ईझिअर’ म्हणजे ‘पिवळा पीतांबर’! तसंच ‘द मोर अर्ली’ नको, ‘दी अर्लिअर’ हवं. ‘द मोर गुड’ नको, ‘द बेटर’ हवं.

प्रत्येक ‘जितकं–तितकं’ इथे बसत नाही

हा मुद्दा पुस्तकांत सहसा सापडत नाही, पण मराठी माणसाला तो हमखास लागतो. आपली जोडी दोन कामं करते. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण घ्या. इथे काही वाढत नाही किंवा घटत नाही. जेवढ्या व्यक्ती, बरोबर तेवढ्याच प्रकृती, असा बरोबरीचा हिशेब आहे. ‘जितके पाहुणे तितके लाडू काढ’ याचाही अर्थ दहा पाहुण्यांना दहा लाडू. अशा ठिकाणी इंग्रजीत ‘द मोर’ चालत नाही. तिथे ‘ॲज मेनी… ॲज’ किंवा ‘ॲज मच… ॲज’ लागतं : ‘टेक ॲज मच राइस ॲज यू वाँट.’ हवा तेवढा भात घ्या.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मराठी वाक्यात ‘जास्त’, ‘कमी’ किंवा ‘अधिक’ हे शब्द घालून बघा. अर्थ तसाच राहिला तर ‘द… द…’ वापरा. अर्थ बदलला तर ‘ॲज… ॲज’. ‘जितकं वाचाल तितकं समजेल’ यात ‘जास्त’ आरामात बसतं. ‘हवा तेवढा भात घ्या’ यात मात्र ‘जास्त’ घातलं की वाढणाऱ्याच्या पोटात गोळाच येईल.

आधी काय, मग काय

आता सगळ्यात महत्त्वाचं. मराठीत ‘जितका’ हा शब्द कारणाच्या बाजूला बसतो आणि ‘तितका’ परिणामाच्या बाजूला. ‘ज’ आणि ‘त’ ही अक्षरंच सांगतात की कशामुळे काय झालं. म्हणून मराठीत वाक्य उलटं केलं तरी चालतं : ‘तो तितकाच हट्टी होतो, जितकं तुम्ही त्याला ओरडता.’ कारण कोणतं, यात शंका राहत नाही.

इंग्रजीत दोन्हीकडे ‘द’च आहे. दोन जुळी भावंडं एकसारखे कपडे घालून उभी राहावीत, तसं. मग थोरला कोण, ते कसं ओळखायचं? रांगेतल्या जागेवरून! पहिला भाग कारण आणि दुसरा भाग परिणाम. जागा बदलली की दोषसुद्धा एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जातो.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवा :

‘द मोर यू स्कोल्ड हिम, द लेस ही स्टडीज.’

‘द लेस ही स्टडीज, द मोर यू स्कोल्ड हिम.’

शब्द तेच, संख्याही तीच. पहिलं वाक्य म्हणतं, तुम्ही जितकं जास्त रागावता, तितका तो कमी अभ्यास करतो. म्हणजे तुमचं रागावणं हे कारण. दुसरं वाक्य म्हणतं, तो जितका कमी अभ्यास करतो, तितक्या तुम्ही जास्त रागावता. म्हणजे मुलाचा आळस हे कारण. समजा, पहिलं वाक्य शिक्षिकेने पालकांसाठी वहीत लिहिलं आणि घरी आईने घाईत ते दुसऱ्या वाक्यासारखं वाचलं. शिक्षिका सांगत होत्या, ‘जरा कमी रागवा.’ आईला वाटलं, ‘माझं रागावणं बाईंनाही पटतंय.’ त्या संध्याकाळी मुलाचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको. घरात जे, तेच कचेरीत. ‘साहेब जितके जास्त प्रश्न विचारतात, तितका कामाला उशीर होतो’ आणि ‘कामाला जितका उशीर होतो, तितके साहेब जास्त प्रश्न विचारतात’, यातलं कुठलं वाक्य ई-मेलमध्ये गेलं, यावर पुढची बैठक कशी होणार ते ठरतं.

म्हणून या रचनेचं वाक्य लिहिण्याआधी क्षणभर थांबून स्वतःला विचारा : कशामुळे काय होतंय? जे आधी घडतं ते आधी लिहा.

परिणाम आधी सांगायचाच असेल, तर त्यासाठीही इंग्रजीत सोय आहे. तेव्हा परिणामाचं वाक्य साधं ठेवायचं, त्यातला तुलनेचा शब्द जागेवरून हलवायचा नाही आणि त्याला ‘द’ही लावायचा नाही : ‘ही स्टडीज लेस द मोर यू स्कोल्ड हिम.’ आता ‘द’ एकाच बाजूला उरला आणि ती बाजू कारणाची. या वाक्यात स्वल्पविरामही लागत नाही.

आता तुमची पाळी

खालची पाच वाक्यं इंग्रजीत करून बघा. घरात मुलं असतील तर त्यांनाही सोबत घ्या. उत्तरं खाली दिली आहेत, पण ती हाताने झाका!

1. जितक्या लवकर निघाल, तितकी रहदारी कमी लागेल.
2. घर जितकं मोठं, तितकं काम जास्त.
3. तुम्ही जितक्या जास्त लोकांशी बोलाल, तितकी इंग्रजीची भीती कमी होईल.
4. जितके पाहुणे आहेत, तितकी ताटं मांडा.
5. आजोबा जितके जास्त थकतात, तितकं कमी बोलतात.

उत्तरं :

1. ‘दी अर्लिअर यू लीव्ह, द लेस ट्रॅफिक यू विल फेस.’ पहिल्या भागात ‘विल’ नाही, आणि ‘लेस’ने ‘ट्रॅफिक’चा हात धरला आहे.

2. ‘द बिगर द हाऊस, द मोर वर्क देअर इज.’ पहिल्या भागातलं ‘इज’ गाळलं आहे, कारण कर्ता नाम आहे. शेवटचं ‘इज’ मात्र ‘देअर’सोबत आहे, म्हणून ते राहिलं.

3. ‘द मोर पीपल यू टॉक टू, द लेस अफ्रेड ऑफ इंग्लिश यू विल बी.’ ‘टू’ विसरला नाहीत ना? ‘लेस अफ्रेड ऑफ इंग्लिश’ हा सगळा एकच गठ्ठा आहे, म्हणून तो एकत्र उचलला.

4. ‘सेट ॲज मेनी प्लेट्स ॲज देअर आर गेस्ट्स.’ इथे बरोबरीचा हिशेब आहे. ‘द मोर’ लिहिलं असेल तर वरचा लाडवांचा परिच्छेद पुन्हा वाचा.

5. ‘द मोर टायर्ड ग्रँडफादर गेट्स, द लेस ही टॉक्स.’ ‘द मोर ग्रँडफादर गेट्स टायर्ड’ असं केलं असेल, तर ‘मोर’चा हात सुटला.

पाचपैकी तीन जमली तरी छान. चौथं आणि पाचवं जमलं असेल तर तुम्ही ही रचना खऱ्या अर्थाने पकडली आहे. या आठवड्यात रोज एक ‘जितकं–तितकं’ पकडा, भाजी निवडताना, बसच्या रांगेत, मुलांशी बोलताना, आणि मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करा. आधी दोन सुटी वाक्यं, मग गठ्ठा उचला, ‘द’ लावा आणि शेवटी कारण आधी आलंय ना, ते तपासा.

पुढच्या भागात बघू ‘ॲज सून ॲज’ आणि ‘नो सूनर… दॅन’, म्हणजे आपलं ‘जसं–तसं’. तोवर वाचत राहा, बोलत राहा. द मोर, द मेरिअर!